सादात-एजेच्या गाडीतला शेवटचा मास्तर

आमच्या काराकोलात इंग्रजीच्या क्लासवाल्याला परदेशी मास्तर हवा असला, की तो आधी इंटरनेटवर शोधतो, मग राजधानीतल्या, बिश्केकच्या, एजंटाला फोन करतो, आणि दोन्हीकडे हात पोळले की मुकाट्याने सादात-एजेच्या दारात येऊन बूट काढतो. एजे म्हणजे ताई. तिच्याहून थोरली माणसंसुद्धा तिला एजेच म्हणतात. तिला स्वतःला इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यावर कोणी टोकलं तर म्हणते, "मला खिंकाळता येत नाही, म्हणून काय मी घोडा पारखत नाही?"

एजे जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर होती. कर्णा तोंडाला लावून ओरडायचं, "बिश्केक, एकच सीट, लगेच सुटतेय." गाडी अर्धी रिकामी असली तरी एकच सीट सांगायची, हा त्या धंद्याचा धर्म. पुढे ती निवृत्त झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. अजूनही ती रोज सकाळी उगाच स्टँडवर जाऊन बसते आणि नव्या कंट्रोलरच्या चुका काढते. तो बिचारा तिला बघितलं की चहाला जातो.

मास्तर पोचवण्याचं काम तिच्या गळ्यात स्टँडवरच पडलं. एका हिवाळ्यात कॅनडाचा एक पोरगा गाडीतून उतरला. ज्यांनी बोलावलं होतं ते न्यायला आलेच नाहीत, आणि पोराचे दात वाजायला लागले. एजेने त्याला चहा पाजला आणि ड्रायव्हरांना विचारलं, "कोणाच्या वाटेवर इंग्रजी मास्तर हवाय?" संध्याकाळच्या आत त्याला त्यूपच्या शाळेत सीट मिळाली. ती नोकरीला सीटच म्हणते. तेव्हापासून जो येईल त्याला ती बसवून देत गेली. ड्रायव्हर हे तिचे हेर. कुठल्या मालकाच्या घराचं छत गळतं, कुठला मास्तरांना कोळसा देतो आणि कुठला नुसतं हसून दाखवतो, हे सगळं तिला गाडीबरोबर घरपोच मिळतं.

तिच्या हातून घोटाळे झाले नाहीत असं नाही. एकदा तिने मांस न खाणाऱ्या पोरीला नारीनच्या वरच्या एका मेंढपाळ गावात पाठवलं. तिथे बटाटासुद्धा पाहुणा म्हणून येतो. पोरगी महिनाभर पाव आणि साय खाऊन राहिली, मग एक दिवस रडत रडत हाड चघळायला लागली, आणि आता तिथल्याच एका पशुवैद्याची बायको आहे. एजे हे उदाहरण यश म्हणून सांगते.

आता माझं सांगते. मी बुरुल, एजेची शेजारीण. दिवसा सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी ताइलाईच्या क्लासमध्ये. ताइलाईच्या क्लासची भली मोठी पाटी चौकात लागली आहे. तिच्यावर सोनेरी केसांची एक बाई हसते. ती बाई काराकोलात कधी आलेली नाही. तिच्या हसण्यावर पोरं येतात आणि शिकवते मी. परदेशी मास्तर आला की त्याला माझ्या तिप्पट पगार, राहायला घर, हिवाळ्यात कोळसा. मला यातलं काही नाही, कारण माझं नाक चपटं आहे आणि मी इथलीच आहे. मी हे रागाने सांगते, कारण मला राग येतो.

तर त्या उन्हाळ्यात ताइलाई हातात फुलांचा गुच्छ आणि नावाची पाटी घेऊन स्टँडवर उभा राहिला. इंटरनेटवरच्या कुणा मधाळ आवाजाच्या एजंटबाईने त्याला एक मास्तर मिळवून दिला होता. नाव एमरिस, गाव वेल्समध्ये कुठेतरी. फोटोत काळ्या केसांचा, रुंद खांद्यांचा पुरुष. गाडीचं दार उघडलं आणि त्यातून छातीपर्यंत पांढरी दाढी असलेला, गुडघे धरून उतरणारा एक म्हातारा बाहेर आला. एजंटबाईने त्याला सांगितलं होतं, जुनाच फोटो लावा, मालकांना आशा आवडते.

ताइलाईने क्षणभर बघितलं. मग पाटी उलटी केली, फुलं शेजारच्या सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बाईच्या हातात कोंबली आणि चालता झाला. थोड्या वेळाने एमरिसच्या फोनवर निरोप आला की जागा भरली. हे सगळं एजेने बाकावर बसून बघितलं होतं.

तिने मला फोन केला. "बुरुल, ये इकडे. एक पॅसेंजर राहिलाय."

"कुठला पॅसेंजर?"

"म्हातारा आहे गं. रडत नाहीये, पण बॅगेवर असा बसलाय की मलाच रडू येईल."

मी गेले, बोलले, आणि आम्ही दोघी त्याला एजेच्या घरी घेऊन आलो. एजेचा मुलगा मॉस्कोला असतो, त्याची खोली रिकामी होती. एमरिसला आमच्या देशात व्हिसाशिवाय दोन महिने राहता येत होतं. तेवढ्यात नोकरी लागली तर कागद होणार, नाहीतर परत जायचं. परत कुठे, असं मी विचारलं तर तो म्हणाला, तोच तर प्रश्न आहे. बायको नाही, घर नाही, वेल्समध्ये एक पुतण्या आहे जो नाताळला कार्ड पाठवतो.

"पूर्वी मला एजंट लागायचाच नाही," तो मला सांगत होता. "इस्तंबूलचा मित्र हनोईतल्याला सांगायचा, हनोईतला तिब्लिसीतल्याला. नुसत्या ओळखीवर मी अर्धं जग फिरलो. आता ते सगळे निवृत्त झाले, नाहीतर वर गेले."

"म्हणजे तुमचा वशिला आता फक्त वरच्या ऑफिसात उरलाय," मी म्हणाले.

तो खदखदून हसला. मला वाटलं होतं, वाईट वाटेल त्याला. तेव्हापासून मला तो आवडायला लागला.

त्याने आपली बॅग कधी उघडून लावलीच नाही. दाराजवळ भरलेली तशीच ठेवायचा, लागेल तेवढं काढायचा आणि परत घडी घालून आत. एजे रोज पहाटे चुलीकडे जाताना तिला ठेचकाळायची आणि बॅगेलाच शिव्या द्यायची. "आमच्याकडे भरलेली बॅग दारात ठेवली की पाहुण्याला जेवण आवडलं नाही असा अर्थ होतो, सांग त्याला." मी सांगितलं. तो म्हणाला, "जेवण आवडतं, म्हणूनच बॅग दारात ठेवतो. आत ठेवली तर निघवणार नाही." हे उत्तर मी एजेला सांगितलं नाही, गुडघ्यांमुळे बॅग उचलता येत नाही म्हणाले.

एजेने आपले सगळे घोडे सोडले. चोलपोन-आताचा मालक, बालिकचीची बाई, बिश्केकमधला तिचा मावसभाचा. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, वय काय? आणि वय ऐकलं की फोनवर कोणीतरी खोकायचं.

"काय माणसं आहेत," एजे फोन आपटून म्हणाली. "घरात म्हातारा आला की उठून उभे राहतात, मानाची जागा देतात, हाडातलं चांगलं हाड देतात. आणि क्लासला मात्र मिसरूड न फुटलेला हवा."

"मिसरूड नको असेल तर काढू," मी म्हणाले, आणि ही माझी चूक झाली.

कारण एजेने काढायच्याऐवजी रंगवायचं ठरवलं. बाजारातून काळा रंग आला. एमरिस खुर्चीवर बसला, गळ्यात टॉवेल, आणि आम्ही दोघींनी त्याची दाढी रंगवली. घरात ती काळी दिसली. बाहेर उन्हात आली तर वांग्यासारखी जांभळी. तसाच त्याला आम्ही शेजारच्या गावच्या शाळेत मुलाखतीला नेलं. मुख्याध्यापिका फार सभ्य बाई. तिने दाढीकडे एकदाही बघितलं नाही, सगळी मुलाखत खिडकीबाहेर बघून घेतली. परत येताना गाडीत एमरिस म्हणाला, "तिने मला वय विचारलंच नाही, बरं लक्षण आहे ना?" मी हो म्हणाले. एजेने माझ्याकडे बघितलं आणि दोघींनाही हसू आवरेना, मग तोही हसायला लागला, का ते न कळता.

संध्याकाळी ते दोघं पत्ते खेळायचे. भाषा एक नाही, पण पत्त्यात भांडायला भाषा लागत नाही. एजे फसवायची आणि तो हरायचा. मी एकदा त्याला सांगितलं की ती पान बाहीत ठेवते. "माहीत आहे," तो म्हणाला. "चौथ्या दिवशीच बघितलं."

दोन महिने संपत आले. शेवटच्या आठवड्यात ताइलाईच्या घरचं आमंत्रण आलं. त्याच्या लेकाचा पाय सोडायचा सोहळा. वर्षाचं मूल चालायला लागलं की आमच्यात त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, गावातली पोरं शर्यत लावतात, आणि जिंकेल तो दोरा कापतो. मूल आयुष्यात न अडखळता चालावं म्हणून. सगळं गाव बोलावलेलं असतं. ताइलाईची आई एजेची जुनी मैत्रीण, म्हणून एजेला आमंत्रण, आणि शेजारी म्हणून मलाही.

"एमरिसला न्यायचं," एजे म्हणाली.

"ताइलाईच्या घरी? ज्याने त्याला बघून फुलं बियावालीच्या हातात कोंबली?"

"पाहुण्याला दारातून परत पाठवायची छाती आहे का त्याची? दाढी धू त्याची. चांगली पांढरी कर."

"महिन्यापूर्वी तर..."

"तेव्हा नोकरी मागायची होती. आता मान मागायचाय. मानाला पांढरी लागते."

आम्ही दाढी साबणाने, व्हिनेगरने, शेवटी भांड्याच्या चोथ्याने धुतली. टोकाला थोडा जांभळा रंग राहिलाच. एजेने कात्रीने तेवढं टोक उडवलं. मग आपल्या वारलेल्या नवऱ्याची पांढरी उंच टोपी पेटीतून काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी बसली. एजेने टोपीवरची धूळ झटकली आणि मग ती ओरडली की गाडी सुटतेय.

ताइलाईने आम्हाला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण एजेचा हिशेब बरोबर होता, पाहुण्याला तो काय बोलणार. आत मोठ्या दालनात सगळ्यात वरच्या जागी ताइलाईचा काका जुमाकादिर बसला होता. आमच्याकडे मेंढा कापला की प्रत्येक हाड वयाप्रमाणे वाटलं जातं. सगळ्यात थोरल्या पुरुषाला कमरेचं मोठं हाड, आणि जेवणानंतरचा आशीर्वादही तोच देतो. गेली कित्येक वर्षं त्या घरात ते हाड जुमाकादिर-आतालाच, आता म्हणजे आजोबा, मिळत होतं, आणि वाटप सुरू व्हायच्या आधीच त्याने बाह्या सरसावल्या होत्या.

वाटणाऱ्याने ताट उचललं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "थोरलं कोण?"

"जुमाकादिर-आता, तुमचं वय काय?" एजेने विचारलं. हळू विचारलं म्हणजे दालनभर ऐकू गेलं.

"बहात्तर."

"आमचे पाहुणे चौऱ्याहत्तर."

एमरिस चौसष्टचा होता. मी चहाच्या कपात बघत राहिले.

जुमाकादिरने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिसत नाही तेवढा. कुठल्या सालचा?"

"त्यांच्याकडची सालं वेगळी," एजे म्हणाली. "थंडीत माणूस टिकतो."

"थंडी आमच्याकडे कमी आहे का?"

"म्हणून तर तुम्हीही साठचे दिसता."

हाड एमरिसच्या पुढ्यात गेलं. जुमाकादिरने आपल्या ताटातलं दुसरं हाड असं उचललं की जणू कोणीतरी त्याची जमीन वाटून नेली.

एजेचा डाव मला आता कळला. जेवण झाल्यावर आशीर्वाद एमरिस देणार. ताइलाई सगळ्या गावासमोर त्याच्यापुढे हात पसरून बसणार. ज्याच्या म्हातारपणाचा आशीर्वाद घेतला, त्याला उद्या "तुम्ही फार म्हातारे" कोणत्या तोंडाने म्हणणार? डाव एवढाच होता. आशीर्वादात काय बोलायचं, हे मात्र एजेने त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

भांडी उचलली गेली. सगळे शांत झाले. एमरिस माझ्याकडे झुकून कुजबुजला, "मी काय म्हणायचं?"

"दोन्ही हात असे उघडा," मी घाईत म्हणाले, "आणि मनापासून मागा. शेवटी सगळे ओमीन म्हणतील आणि तोंडावरून हात फिरवतील."

"मनापासून काहीही?"

"काहीही."

त्याने हात उघडले. दालनभर सगळ्यांनी हात उघडले. आणि त्याने जो आवाज काढला, तो मी दोन महिन्यांत कधी ऐकला नव्हता. त्याचा आजा प्रार्थनाघरात प्रवचन करायचा, हे मला नंतर कळलं. आवाज छताला जाऊन खाली उतरत होता. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या पहिल्या वाक्यालाच डोळे पुसायला लागल्या.

तो इंग्रजीत म्हणाला: या मुलाचे पाय लांब जावोत, आणि परत यायची वाट त्याला सापडो. इथवर ठीक होतं. मग तो तितक्याच गंभीर, थरथरत्या आवाजात म्हणाला: या घरच्या मालकाने मला आपल्या क्लासात नोकरी द्यावी. आठवड्याला अठरा तासांहून जास्त नको. शनिवारी तास नको. हिवाळ्यात मला कोळसा मिळावा. मग तो थांबला, आणि शेवटचं वाक्य हळू म्हणाला.

"ओमीन," सगळं दालन म्हणालं. ताइलाईने डोळे मिटून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. त्याच्या क्लासात इंग्रजी शिकवलं जातं, तो मात्र कधी तिथे विद्यार्थी म्हणून बसला नाही. सगळ्यात मोठं ओमीन एजेचं होतं. स्टँडवर ऐकू गेलं असेल.

"फार सुंदर," जुमाकादिर नाइलाजाने म्हणाला. हाड गेलं असलं तरी कानाला कळतं. "बुरुल, सांग तरी काय म्हणाले आमचे थोरले."

सगळे माझ्याकडे वळले. मला सोपं होतं, मूल, आयुष्य, भरभराट म्हणून मोकळी झाले असते. पण समोर ताइलाई बसला होता आणि त्याच्यामागच्या भिंतीवर त्याच्या क्लासचं कॅलेंडर होतं, सोनेरी केसांच्या बाईचं. मी पोराच्या पायांपासून कोळशापर्यंत शब्दन् शब्द सांगितला.

शेवटचं वाक्य उरलं. ते एवढ्या माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. पण तो बोलताना सगळ्यांनी ऐकलं होतं, गाळलं असतं तर लक्षात आलं असतं. म्हणजे एक सीट रिकामी होती. आणि रिकामी सीट सोडू नये, हे मी शेजारी राहून कुणाकडून शिकले ते सांगायला नको.

"आणि शेवटी ते म्हणाले," मी म्हणाले, "की बुरुललाही परदेशी मास्तराइतकाच पगार मिळावा."

ताइलाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण मला काय माहीत तो... हा काय आशीर्वाद झाला?"

जुमाकादिरने दाढीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता हाडाचा सूड उगवणार. पण तो पुतण्यावर अनेक वर्षांपासून चिडलेला होता, हे मी विसरले होते.

"ओमीन म्हणालास?" त्याने विचारलं.

"म्हणालो, पण..."

"तोंडावरून हात फिरवलास?"

"फिरवला."

"लेकाचा दोरा अजून कापायचाय. ओमीन परत घेऊन त्याला चालायला लावणार आहेस?"

ताइलाईने बायकोकडे बघितलं. बायकोने पोराला छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की तो निमूट उठला आणि त्याने एमरिसचा हात हातात घेतला. बाहेर पोरांची शर्यत सुरू झाली.

परतीच्या वाटेवर एमरिस पुढे ड्रायव्हरजवळ बसून पेंगत होता, टोपी तिरकी. एजे माझ्या कानाशी आली.

"तुझ्या पगाराचं तो काही बोलला नाही."

"तुम्हाला इंग्रजी कधीपासून कळायला लागलं?"

"इंग्रजी नाही कळत, तू कळतेस. काय म्हणाला शेवटी?"

मला हसत हसत सांगायचं होतं, पण जमलं नाही. "ते म्हणाले, मी फार घरं सोडली. माझ्या शेजारी बसलेल्या या मोठ्या आवाजाच्या बाईचं घर मला सोडायला लागू नये."

एजेने पुढे वाकून त्याची तिरकी टोपी सरळ केली. घराशी उतरताना तिने एवढंच विचारलं, "आणि मी ओमीन म्हटलं?"

"सगळ्यात जोरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंपणावरून हाक मारली. गल्लीतली सगळी कुत्री उठली. मी गेले तर एमरिसची बॅग ओट्यावर उघडी पडलेली, रिकामी. त्याचे शर्ट तिच्या मुलाच्या कपाटात टांगलेले दिसत होते. तो स्वतः आत निवांत घोरत होता.

"हात लाव जरा," एजे म्हणाली, "ही माळ्यावर टाकायचीय. रोज पायात येते मेली."